मालनला कळलेली रीत

जर्मनीची पोरगी वर्षभर राहायला येणार म्हटल्यावर गावाला सगळ्यात आधी काळजी पडली ती तिच्या आंघोळीची. कुणी म्हणे ती गार पाण्यानं करते, कुणी म्हणे करतच नाही. जिच्या घरी ती येणार होती त्या संयोगिताला मात्र एवढंच ठाऊक होतं, की ती आली की आपली अंकिता जाणार. साताऱ्याच्या एका क्लबानं ही अदलाबदल जमवली होती. तिकडची एक पोर इकडं, इकडची एक तिकडं. दोघींनी एकमेकींच्या घरात राहायचं, एकमेकींच्या आयांच्या हातचं खायचं आणि वर्षाअखेरीला शहाणं होऊन परत यायचं. अकरावीतली अंकिता क्लबाच्या परीक्षेत पहिली आली तेव्हा संयोगिता आनंदानं रडली, आणि पोर खरंच जाणार हे ध्यानात आल्यावर पुन्हा एकदा रडली.

गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. घर दोन भावांचं. थोरला दादासो, उसाची बारा एकर बघणारा, ग्रामपंचायतीचा मेंबर. त्याची बायको माया, म्हणजे संयोगिताची थोरली जाऊ. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. धाकटा शंभूराज, संयोगिताचा नवरा, फौजेत हवालदार होता. सहा वर्षांमागं वर बर्फात गस्तीला गेला आणि पेटीतून आला. गाव लोटलं, बंदुका झाडल्या, चौकाला नाव दिलं. तेव्हापासून पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला संयोगिताला शाळेच्या मैदानावर खुर्ची असते. शाल मिळते, नारळ मिळतो. पाहुण्या बायकांना कुंकू लावत ताट फिरतं आणि हिच्यापाशी आलं की जरासं कलतं नि पुढं जातं. कुणी बोलत नाही. बोलायची गरजच काय?

आता तुम्ही म्हणाल, अजून हे चालतं? तर गावानं दोन वर्षांमागं ठराव केलाय बरं. विधवा बायांना कुंकवाची, हिरव्या चुड्याची, सणाला पुढं येण्याची आडकाठी करायची नाही, असा ग्रामसभेचा ठराव आहे आणि तो काच लावून पंचायतीत टांगलाय. मांडला कुणी, तर खुद्द दादासोनं. भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या, पेपरात फोटो आला. आणि घरी येऊन जेवायला बसला तेव्हा वाढायला माया होती आणि संयोगिता चुलीपुढं भाकरी थापत होती, कपाळ तसंच कोरं. ठराव झाला म्हणून एकही बाई कुंकवाचा करंडा घेऊन तिच्या दारात आली नाही. जिला तिला वाटायचं, आधी दुसरीच्या घरात होऊ दे. असली कामं गावात ठरावानं होत नसतात, आणि ठरावाशिवाय तर त्याहून होत नसतात.

संयोगिताला काय हवं होतं ते सांगून टाकतो. तिला नटायचं नव्हतं, दुसरं घर करायचं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरच्या सोप्यात बायकांच्या ओळीत बसावं आणि फिरणारा करंडा आपल्यापाशी थांबावा, एवढंच तिच्या मनात होतं. सहा वर्षं हे हळदीकुंकू तिच्याच घरात होत होतं. तीळ तीच भाजायची, पाक तीच करायची, मसाल्याचं दूध तीच आटवायची, आणि बायका आल्या की चुलीमागं जाऊन बसायची. कुंकवाची डबी काय, देव्हाऱ्यात होती. हात कोण धरत नव्हतं. पण आपल्या हातानं लावलेलं आणि चार बायकांत लावून घेतलेलं यात फरक आहे, तो बाईला सांगावा लागत नाही. आणि लावून घ्यायचं म्हणजे कुणीतरी लावलं पाहिजे. कुंकू कुणी मागत नसतं. जीव गेला तरी बाई म्हणायची नाही, की मला लावा.

अंकिताला हे सगळं कळत होतं. जायच्या आदल्या दिवशी तिनं आईकडून वचनच घेतलं. म्हणाली, "आई, ह्या संक्रांतीला तू आत बसायचं न्हाई. भाईर ओळीत बसायचं. मी तिकडनं फोनवर बघणार हाय." संयोगिता व्हय म्हणाली. पोर निघाली होती, तेव्हा ती कशालाही व्हय म्हणाली असती.

मग मार्लेन आली. सतरा वर्षांची, उंच, नाक उन्हानं टोमॅटोसारखं लाल झालेलं, पाठीवर हिच्याएवढीच पिशवी. मार्लेन म्हणता म्हणता आठ दिवसांत गावानं तिची मालन केली आणि तिलाही ते आवडलं. पोर कामाला वाघ. शेण भरायला पुढं, पाणी शेंदायला पुढं, आणि हातात कायम एक निळी वही. जे दिसेल ते विचारायचं आणि जे सांगाल ते लिहून घ्यायचं. उंबऱ्यावर का बसायचं नाही, जाताना 'जातो' न म्हणता 'येतो' का म्हणायचं, सगळं वहीत. मराठी शिकली ती पुस्तकातली, त्यामुळं बोलायची बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी; गावातली पोरं तिच्यामागं तसंच बोलत फिरायची.

सुरुवातीला घोटाळा झाला तो जेवणावरून. मालन पोट भरलं की "नको" म्हणायची आणि माया हसत हसत तिच्या ताटात आणखी एक चपाती टाकायची. पाहुण्यानं नको म्हणायचं आणि घरच्यांनी वाढायचं, ही आपली तऱ्हा. पोर चार दिवस मुकाट गिळत राहिली आणि पाचव्या दिवशी ताटावरच रडायला लागली. तिकडं अंकिताचं उलटं. तिचा फोन आला, की इथं एकदा नको म्हटलं की भांडं उचलून ठेवतात, दुसऱ्यांदा कोण विचारत नाही, मी पहिला आठवडा उपाशी काढला. संयोगिताला हसूही आलं आणि जीवही तुटला.

क्लबानं पुढं सांगलीत एक शिबिर घेतलं. ज्यांच्या ज्यांच्या घरी परदेशी पोरं होती त्या सगळ्यांना बोलावलं. तिथं साताऱ्याचे जयराज सर म्हणून होते, त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवत दीड तास सांगितलं. त्यांच्यात नाही म्हणजे नाही, तेव्हा आग्रह करू नका. दार वाजवून आत जा. पगार विचारू नका. सगळ्या आयांनी माना डोलावल्या. पोरांना शेजारच्या खोलीत वेगळं शिकवलं, की ज्या घरात राहता तिथली रीत पाळा, आपलं मत त्यांच्यावर लादू नका, चूक-बरोबर ठरवत बसू नका. चहा, वडापाव झाला आणि सगळे आपापल्या गावाला आले. पण आपल्या बायामाणसांच्या नको म्हणण्यात काय काय असतं, हे त्या पोरांना सांगावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. ज्याला त्याला वाटलं, त्यात काय सांगायचं, ते तर सगळ्या जगाला माहीत असतं.

गौरी आल्या. शेजारणी जमल्या, मायानं सगळ्यांना हळदीकुंकू लावलं आणि मालनलाही लावलं. पोर आरशात बघून खूश. मग काय तिच्या मनात आलं कोण जाणे, मायाच्या हातातला करंडा घेऊन ती सरळ चुलीपाशी आली. संयोगिता पुरणपोळीची कणीक मळत होती. मालन तिच्यासमोर उकिडवी बसली आणि चिमटीत कुंकू घेऊन बोट तिच्या कपाळापाशी नेलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणाचं तरी बोट तिथवर आलं होतं. आणि तेवढ्यात तिला दारात माया दिसली, मायाच्या मागं दोन शेजारणी दिसल्या, आणि ती झटकन मागं सरली.

"नको, नको. मला चालत न्हाई," ती म्हणाली. "मला लावायचं नसतं."

हे बोलणं मालनसाठी नव्हतंच. ते दारातल्या तिघींसाठी होतं. आपल्यातली कुणी पोर असती तर म्हणाली असती, असू द्या ओ काकी, काय होतंय, आणि दाबून लावलं असतं. संयोगिता आणखी एकदा नको म्हणाली असती आणि तिसऱ्यांदा गप्प बसली असती. अशीच तर असतात आपली माणसं. पहिला नकार लोकांसाठी, दुसरा रीतीसाठी, आणि मग मनातलं होऊ द्यायचं. पण मालनचं बोट होतं तिथंच थांबलं. ती "सॉरी" म्हणाली, बोट पुसलं आणि उठली. दारातनं माया म्हणाली, "शाणी हाय. एका शब्दात कळलं."

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण पोर पडली चौकस. दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना तिनं हातातली वही बाजूला ठेवून विचारलं, "काकी, कुंकू न लावणे हा तुमचा स्वतःचा निर्णय आहे का? की कोणी तुम्हाला मनाई केली आहे?"

आता याला काय उत्तर द्यावं? खरं सांगायचं तर जाऊचं नाव घ्यावं लागणार, दिराचं घ्यावं लागणार, सगळ्या गावाचं घ्यावं लागणार. परक्या पोरीपुढं घरचं उघडं करायचं, आणि ती ते तिकडं आपल्या देशात जाऊन सांगणार, की ही माणसं अशी. शंभूराजचं घर आहे हे. फौजीचं घर. संयोगिता चादर आपटत राहिली आणि म्हणाली, "व्हय, माझाच. माझ्या मनानं मी लावत न्हाई." मालननं तिच्याकडं जरा बघितलं, मान हलवली आणि म्हणाली की मला तुमचा आदर वाटतो. संयोगितानं घराची लाज राखली. घरानं तिची कधी राखली होती का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

दिवाळी गेली, थंडी पडली, उसाला तोड आली. अंकिताचा दर रविवारी फोन. दरवेळी शेवटचं वाक्य तेच, "संक्रांतीचं ध्यानात हाय न्हवं?" संयोगिता हसण्यावारी न्यायची, पण मनात घोळत राहायची. बसायचं तर बसू, पण करंडा मायाच्या हातात असणार. माया काही वाईट बाई नव्हती. शंभूराज गेला तेव्हा सहा महिने तिनं हिला घास भरवलाय. पण रीत म्हटली की तिचा पाय घसरायचा नाही. ती आपल्यापाशी येईल, इकडं तिकडं बघेल, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं करून वळेल. ते सगळ्यांदेखत होण्यापेक्षा चुलीमागं बसलेलं बरं.

आणि मग एक दिवस तीळ निवडता निवडता तिला सुचलं. करंडा मालनच्या हातात दिला तर? पाहुणी पोर, त्यातनं गोरी, सगळ्यांची लाडकी. तिनं लावलं तर कोण काय बोलणार? चुकून लावलं म्हणतील, पोरीला काय कळतंय म्हणतील, हसतील आणि सोडून देतील. आणि एकदा कपाळाला लागलं म्हणजे लागलं. पुढच्या वर्षी माया तरी कुठल्या तोंडानं टाळेल? या विचारानं संयोगिताला इतकं बरं वाटलं, की तिला गौरीतलं आपलं बोलणं आठवलं तेही हलकंच वाटलं. तेव्हा चुलीपुढं होते, हात पिठात होते. आता ओळीत बसणार, ठेवणीतलं लुगडं नेसून, कपाळ पुढं करून. आंधळ्यालाही कळेल. मालन तर डोळ्यात तेल घालून बघणारी पोर.

तिनं मायापाशी विषय काढला तोही बेतानं. म्हणाली, "आक्का, औंदा मालनच्या हातात करंडा द्या की. क्लबाची माणसं फोटू मागत्यात." मायाला ते फार पटलं. तिनं त्याच संध्याकाळी कऱ्हाडहून पोरीसाठी काळी चंद्रकळा आणवली. संयोगितानं आपल्यासाठी पेटीच्या तळातली राखाडी-जांभळी पैठणी काढली, शंभूराजनं सुट्टीवर येताना आणलेली. मालनला मात्र ती एका शब्दानं काही बोलली नाही. दोनदा तोंडाशी आलं आणि दोनदा गिळलं. पोरीला काय म्हणायचं? मला कुंकू लाव? मागून घेतलेलं असलं कुंकू लावून तरी काय होणार?

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारनंतर बायका यायला लागल्या. सोप्यात सतरंज्या टाकल्या होत्या, वाणाला स्टीलचे डबे रचले होते, सुगडात बोरं, घाटे, उसाचे करवे भरले होते. पस्तीस बायका झाल्या. सरपंचीणबाई पुढं बसल्या, दागिने घातलेल्या सुना मधे, म्हाताऱ्या भिंतीला. मालननं आपला फोन कोनाड्यात उभा करून अंकिताला लावला होता. तिकडं दुपार होती, पोर ताटावरून उठून फोनपुढं बसली होती. संयोगितानं दुधाचं पातेलं खाली उतरवलं, हात पुसले, पदर सारखा केला आणि बाहेर आली. ओळीच्या शेवटाला जागा होती, तिथं बसली.

मायानं बघितलं आणि वाणाचे डबे उगाच नीट रचले. दोघी-तिघींनी एकमेकींकडं बघितलं आणि बांगड्या सारख्या केल्या. शेजारी बसलेली तरणी सून जरा सरकून बसली. जागा द्यायला सरकली का आणखी कशाला, ते तिचं तिलाच ठाऊक. संयोगिता उठली नाही. कोनाड्यातल्या फोनमधे अंकिताचा चेहरा नखाएवढा दिसत होता.

मालन आली. चंद्रकळा, केसात गजरा, हलव्याचे दागिने. बायकांनी कौतुकानं कानशिलावर बोटं मोडली. तिनं सरपंचीणबाईंपासून सुरुवात केली. आधी हळद, मग कुंकू, मग मनगटाला अत्तर, मग तिळगूळ, मग डबा. एकही पायरी चुकली नाही. एकेक बाई पुढं झुकत होती, मालनचं बोट एकेक कपाळाला टेकत होतं, आणि ओळ सरत चालली होती. दहा राहिल्या, पाच राहिल्या. शेजारच्या सुनेला लावून झालं. संयोगितानं डोळे खाली केले आणि कपाळ वर केलं.

मालन तिच्यासमोर बसली. बोटाला कुंकू होतं. संयोगिताला ते दिसलं, अगदी जवळ, बोटाच्या रेघांत भरलेलं. पोर तिच्या तोंडाकडं बघत होती आणि काहीतरी ठरवत होती. मग तिनं ते बोट पदराला पुसलं. दोन्ही हातांनी तिळगुळाची वाटी पुढं केली, "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणाली, वाकून संयोगिताच्या पायाला हात लावला, इतर कुणाच्या लावला नव्हता, आणि उठली. हळद नाही, कुंकू नाही, वाण नाही.

सोप्यातल्या नजरा मायाकडं वळल्या. आणि मग मायाच्या तोंडून सुटकेचा उसासा निघाला आणि त्याचे शब्द झाले, "बघा बया. सातासमुद्रापल्याडची पोर, पण आपली रीत कशी कळली." झालं. सगळ्यांचीच जीभ सुटली. आपल्या पोरींना कळत नाही ते हिला कळतं. लय गुणाची. आईबापाचं वळण चांगलं. सरपंचीणबाईंनी तर टाळी वाजवली, आणि एकीनं वाजवल्यावर बाकीच्यांनी वाजवली. पस्तीस बायका एका पोरीला शाबासकी देत होत्या, आणि जिच्या कपाळावरून ती शाबासकी मिळाली ती हातात तिळगूळ धरून ओळीच्या शेवटी बसली होती. कोनाड्यातला फोन कुणाच्या ध्यानात नव्हता.

संयोगिता लगेच उठली नाही. उठली असती तर रुसून गेली म्हणाल्या असत्या. ती बसून राहिली, उखाणे ऐकले, हसायचं तिथं हसली, आणि दूध द्यायची वेळ झाली तेव्हा आत गेली. मालन तिच्यामागं आली ती आनंदानं नुसती फुललेली.

"काकी, मी विसरले नाही," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर तुम्हाला अडचण झाली असती. तुम्ही सांगितलं होतं ना, की हा तुमचा निर्णय आहे. खरं सांगू? मला लावायचं होतं. पण ते माझं मत झालं. ते तुमच्यावर लादायचं नाही, असं आम्हाला शिकवलं आहे."

संयोगितानं तिच्याकडं बघितलं. रागवावं तर कुणावर? तिचंच बोलणं तिच्याकडं आलं होतं, जसंच्या तसं, एक अक्षर इकडचं तिकडं न होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग मालनच्या चेहऱ्यावरचा आनंद ओसरत गेला. पोर हुशार होती. तिला कळलं, आणि कळलं तेव्हा ती पांढरीफटक पडली. धावत जाऊन करंडा घेऊन आली आणि झाकण काढलं. "आता लावू का? काकी, आता लावते."

"ऱ्हाऊ दे, बाळा," संयोगिता म्हणाली. "चार बायकांत लागलं असतं तर ते कुंकू. हितं लावलंस तर नुसता रंग."

मालन रडायला लागली. म्हणाली, तुम्ही सांगायचं होतं. संयोगिता म्हणाली, आमच्यात सांगत नाहीत. मग मला कसं कळणार, असं पोरीनं विचारलं, आणि तो प्रश्न खरा होता. संयोगितानं तिच्या हातातला करंडा घेतला, झाकण लावलं आणि बाजूला ठेवला.

"तुझी चूक न्हाई," ती म्हणाली. "तुला कळलं न्हाई म्हणून तू लावलं न्हाईस. त्यांना समद्यांना कळत हुतं, तरी कुणी लावलं न्हाई."

मग तिनं पोरीला तोंड धुवायला लावलं आणि दुधाचे पेले देऊन बाहेर पाठवलं. इतक्यात संयोगिताचा फोन वाजला. अंकिता होती. सगळं बघितलं होतं तिनं, टाळ्यांसकट. आधी नुसती हुंदके देत राहिली, मग संतापली. मालनला फोनवर घे म्हणाली, तिला चांगली सांगते. संयोगितानं घेतलं नाही. मग मायाकाकूला घे म्हणाली. तेही घेतलं नाही. शेवटी पोर म्हणाली, की जूनमधे मी आले ना, की आल्या आल्या पंचायतीपुढं उभी करून सगळ्या गावादेखत मी तुला लावते, बघू कोण काय बोलतंय.

संयोगिता चुलीपाशी टेकून बसली. बाहेर कुणीतरी उखाणा घेत होतं आणि बायका खिदळत होत्या. गेले पाच महिने ती भिंतीवरच्या कॅलेंडरात जूनची वाट बघत होती. पोर आली की घर भरेल, एवढ्यावर ती दिवस ढकलत होती. आता तिच्या मनात अंकिता त्या ओळीत बसलेली दिसायला लागली, आज सरकून बसलेल्या त्या तरण्या सुनेच्या जागी, बांगड्या सारख्या करणारी. नाहीतर ओळीच्या शेवटाला बसलेली. यापलीकडं त्या सोप्यात तिसरी जागा नव्हती. ही गोष्ट तिला इतकी स्वच्छ दिसली, की तिचं रडू थांबलं.

"ये जूनला," ती म्हणाली. "पण ऱ्हायाला येऊ नको. तिकडं फुडचं शिकायला मिळतंय का इचार. कागद लागतील ती मी गोळा करते, पेन्शनीचं काय ते बघते. ये, भेट, आन परत जा."

मग अंकितानं अगदी बारीक आवाजात विचारलं, "आन तू? तू हितं एकटीच ऱ्हाणार व्हय?"

"आज सोप्यात पस्तीस बाया हुत्या, अंकिता," संयोगिता म्हणाली. "तवा बी मी एकटीच हुते."